मोहाच्या दिवसांतली तिसरी चाचणी

मुलांनो, गेल्या महिन्यात माझ्या डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. आता ओळ सरळ दिसते, म्हणून लिहायला बसले आहे. विषय तुमच्यातल्या मोठीनेच दिला. वर्षभर मेहनत करूनही एका विषयात हवी ती श्रेणी मिळाली नाही, म्हणून ती फोनवर चिडली होती. धाकटा मागून म्हणाला, "आजी, मार्क आता कॉम्प्युटरच देतो." लिहून कळवते, असं मी म्हटलं. फोनवर मला नीट सांगता येत नाही. मध्येच तुमच्याकडे कोणीतरी जेवायला हाक मारतं, आणि माझ्याकडे वीज जाते.

हे इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं. मी इंग्रजीत शिकले आणि पुढे तीच शिकवली. पण ज्या माणसांबद्दल लिहिते आहे ती इंग्रजीत बोलत नव्हती, आणि त्यांचं बोलणं इंग्रजीत घातलं की ती दुसरीच माणसं होतात. अडेल तिथे बाबांना विचारा. नावं मी घातलेली नाहीत. ती सगळी माणसं याच भागात आहेत, आणि मी त्यांची परवानगी घेतलेली नाही.

तुमचे आजोबा वनखात्यात होते, त्यामुळे आम्ही गडचिरोलीकडे आलो. ते गेल्यावर मी इथेच राहिले. नोकरीतून निवृत्त झाल्यावर एटापल्लीच्या वाटेवरच्या एका लहान महाविद्यालयाने मला बोलावलं. तिथे बारावी झालेल्या मुलींसाठी एक वर्षाचा इंग्रजीचा अभ्यासक्रम सुरू करायचा होता. नर्सिंग शिकायला जाणाऱ्या मुलींची इंग्रजीवर फार दांडी उडत असे. चंद्रपूरच्या एका नर्सिंग शाळेने कबूल केलं होतं की या अभ्यासक्रमात 'अ' श्रेणी मिळवणाऱ्या मुलीला सरळ प्रवेश द्यायचा. 'ब' किंवा 'क' असेल तर मुलाखत. ती मुलाखत इंग्रजीत असे, समोर तीन अनोळखी माणसं बसत, आणि आमच्या मुली तिथे गेल्या की नाव विचारलं तरी गप्प होत. म्हणून 'अ' आणि 'ब' यांत एका अक्षराचं अंतर असलं तरी आमच्याकडे त्याचा अर्थ चंद्रपूर किंवा घर असा होता.

श्रेणी कशी काढायची हे जूनमध्येच फळ्यावर लिहून मुलींना उतरवून घ्यायला सांगितलं होतं. एकूण गुण शंभर. वर्षात तीन चाचण्या, प्रत्येक चाळीस गुणांची, त्यांची सरासरी धरायची. शेवटची लेखी परीक्षा चाळीस गुणांची. तोंडी वीस. तिन्हींची बेरीज सत्तर किंवा जास्त झाली तर 'अ'. अर्धा गुण असेल तर वर ओढायचा. चाचणीला कोणी गैरहजर राहिली तर तिची फेरचाचणी घ्यायची.

हा शेवटचा नियम मोहासाठी होता. मार्चच्या अखेरीला मोहाची फुलं गळू लागतात. पहाटे झाडाखाली पिवळसर सडा पडतो, आणि ऊन चढायच्या आत, गुरं आणि हरणं यायच्या आत, तो वेचावा लागतो. कोणतं झाड कोणत्या घराचं हे गावात ठरलेलं असतं. एक सकाळ चुकली की त्या दिवसाचं फूल गेलं. घरातली म्हातारी, सून, शाळकरी पोर, सगळी झाडाखाली असतात. त्या दिवसांत वर्गात अर्धे बाक रिकामे दिसत, आणि ज्या मुली येत त्यांच्या कपड्यांना तो गोड, आंबूस वास असे. आम्हाला त्याचं काही वाटत नसे. मोह संपला की फेरचाचणी व्हायची आणि हिशेब पुरा व्हायचा.

त्या वर्षी तसं झालं नाही. तिसरी चाचणी मोहातच आली आणि तिच्या पाठोपाठ निवडणूक. आमच्या दोन खोल्या मतदानाच्या सामानासाठी गेल्या, शिकवणारे कामाला जुंपले गेले. ते सगळे परत येईपर्यंत शेवटची परीक्षा आली. फेरचाचणी राहूनच गेली, आणि ती राहिली आहे हे कोणाच्या लक्षात आलं नाही.

आमच्याकडे संगणकाचं काम करणारा एक तरुण शिक्षक होता. चंद्रपूरच्या बाजारात त्याच्या वडिलांचं कापडाचं दुकान. घरी दखनी हिंदी, बाहेर मराठी, आणि दोन्ही एकाच वाक्यात. पोरगा हुशार आणि कामाला चोख. संगणकावरची गुणांची शीट त्यानेच तयार केली होती. मी मात्र माझ्या सवयीने सगळे गुण कागदावर पुन्हा हाताने काढत असे. तो वाचायचा, मी आकडा मोठ्याने परत म्हणायची आणि मग लिहायची. तो कंटाळायचा.

"मॅडमजी, फॉर्म्युला बराबर आहे. एकदा लावला की खतम."

"मग माझा आणि तुझा आकडा जुळेल. जुळला की चहा."

चहा झाला नाही. एका मुलीपाशी आकडा जुळेना. ती जंगलातल्या एका गावची होती. त्या गावातून आमच्याकडे चार मुली येत, एकाच बसने, एकाच बाकावर बसत. ही त्यातली बोलकी. पहिल्या चाचणीत सत्तावीस, दुसरीत एकोणतीस, तिसरीला गैरहजर. शेवटच्या परीक्षेत सत्तावीस, तोंडीत पंधरा. शीटने तिला एकूण सत्तर दिले होते. श्रेणी 'अ'. माझ्या कागदावर तिची सरासरीच पुरी होत नव्हती, कारण तिसरा आकडा नव्हता.

"तिसऱ्या चाचणीचं काय धरलंस?"

"गैरहजर लिहिलं ना."

"आणि शीटने?"

त्याने पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मॅडमजी, तिथे अक्षर आहे, आकडा नाही. शीट अक्षराला मोजतच नाही. दोघांची बेरीज, भागिले दोन."

म्हणजे जी आली नाही तिची सरासरी दोन चाचण्यांची, आणि जी आली तिची तीन चाचण्यांची. हा नियम आम्ही कोणी केला नव्हता. तो आपोआप झाला होता, कारण एका चौकटीत आकड्याऐवजी अक्षर होतं. धाकट्या, कॉम्प्युटर मार्क देतो असं तू म्हणालास ते इथवर खरं आहे.

मग मी त्या बाकावरच्या चौथ्या मुलीचे गुण पाहिले. चौघींपैकी ती एकटी त्या दिवशी चाचणीला आली होती; चाचणी म्हणून बाकीचा वर्गही आला होता, गैरहजर फक्त उरलेल्या तिघीच होत्या. पहिल्या चाचणीत तीस, दुसरीत बत्तीस, तिसरीत तेरा. शेवटच्या परीक्षेत अठ्ठावीस, तोंडीत चौदा. एकूण सदुसष्ट. श्रेणी 'ब'. ती घरी बसली असती तर तिला त्र्याहत्तर मिळाले असते. ती मोह सोडून बसने आली, म्हणून तिचं चंद्रपूर गेलं होतं.

तो शिक्षक दोन्ही ओळींवरून पुन्हा बोट फिरवत गेला. मग म्हणाला, "ये तो उल्टा हो गया."

आम्ही शीट घेऊन प्राचार्यांकडे गेलो. ते नागभीडकडचे, धानाच्या शेतीतले. घरी अजून शेती होती आणि रोवणीला, म्हणजे भाताच्या लावणीला, ते रजा टाकून जात. खुर्चीत बसले की पुस्तकी मराठी बोलत, चिडले की गावची.

तरुण शिक्षकाने लगेच उपाय सांगितला. "सर, तीनपैकी चांगल्या दोन चाचण्या धरू. सगळ्यांना. कोणाचं नुकसान नाही. मी पाच मिनिटांत करून देतो."

"जूनमध्ये फळ्यावर काय लिहिलं होतं?" प्राचार्यांनी मला विचारलं.

"तीन चाचण्यांची सरासरी."

"मग आता मे महिन्यात दोन कशा होतील?"

मी त्यांच्या बाजूची होते, आणि तसं मी सांगितलं. सगळ्यांचे आकडे समोर मांडून ठेवल्यावर नियम ठरवायला बसलं की आपण नियम ठरवत नसतो, आपण मुली निवडत असतो. मग तिसरी चाचणी सगळ्यांचीच काढून टाकावी असं निघालं. तेही मी नको म्हटलं. आमच्या वर्गात गावातल्या एका शिंप्याची मुलगी होती. पहिल्या दोन चाचण्यांत ती यथातथाच होती आणि तिसऱ्या चाचणीला दिवसरात्र अभ्यास करून तिने सगळ्यांत जास्त गुण काढले होते. ती चाचणी काढली की तिचा 'अ' जात होता. तिचा यात काय दोष?

"मग नियमच चालवा," प्राचार्य म्हणाले. "जी गैरहजर होती तिची फेरचाचणी. राहून गेली ती आता घ्या. विषय संपला."

"आणि जी आली होती?"

"ती आली होती ना. तिचे तेरा ते तेरा."

नियमाने ते बरोबर होतं. मी उठत होते, पण एक गोष्ट मला खटकत होती. तीस आणि बत्तीस मिळवणारी मुलगी तेरावर का येते? तिची उत्तरपत्रिका मीच तपासली होती. पहिला प्रश्न नीट सोडवला होता. पत्र अर्धं. उताऱ्यावरचे प्रश्न कोरे. मी तेव्हा समजले की पहाटेपासून मोह वेचून ती दमली असेल. आता मला तसं वाटेना. दमलेल्या मुलीचं अक्षर बिघडतं. हिचं अक्षर स्वच्छ होतं, फक्त तिने लिहिलं नव्हतं.

प्राचार्यांनी तिला बोलावून घेतलं. ती दुसऱ्या दिवशी आली, आणि तिच्याबरोबर ती बोलकीही, बोलावलं नसताना. दोघी दारात उभ्या राहिल्या.

"तुले एकटीलेच बलावलं होतं," प्राचार्य म्हणाले. "हे काऊन आली?"

"बस एकच आहे, सर," बोलकी म्हणाली. "मंग मी घरी बसून काय करू?"

प्राचार्यांनी उत्तरपत्रिका पुढे सरकवली. "तीन तास होते तुह्याजवळ. काय करून राह्यली होती?"

चौथी मुलगी खाली पाहत उभी राहिली. तिची घरची बोली गोंडी, आमच्याशी ती मराठी बोलायची, जपून, एकेक शब्द ठेवत.

"वाचून राह्यली होती, सर."

"काय वाचून राह्यली होती?"

"पेपर."

"पेपर वाचाले तीन तास लागते?"

"पाठ कराले लागते," ती म्हणाली.

मग हळूहळू बाहेर आलं. आमच्याकडे चाचणीच्या प्रश्नपत्रिका परत घेतल्या जात. कागद वाचवायचा म्हणून मी तसं ठरवलं होतं. चौघींना माहीत होतं की मोहानंतर फेरचाचणी होते, आणि त्यांचा समज होता की पेपर तोच येतो. तेव्हा त्यांनी आपसांत वाटणी केली. तिघींनी त्या सकाळी चारही घरांचा मोह वेचायचा, आणि चौथीने चाचणीला जाऊन पेपर डोक्यात घेऊन यायचा.

"मी म्हटलं तिले," बोलकी मध्येच बोलली, "तुह्या झाडाखालचा मोह आमी येचतो, तू पेपर घेऊन येजो. तिचं डोकं चांगलं आहे ना, सर. आमाले पाठवलं असतं तर आमी रस्त्यातच इसरलो असतो."

"आणि तिचे स्वतःचे मार्क?" मी विचारलं.

बोलकीने खांदे उडवले. "आमाले वाटलं, तिले बी मंग दुसऱ्यांदा बसू देता तुमी."

तरुण शिक्षक तोंड फिरवून खिडकीकडे पाहत होता. तो हसत होता हे त्याच्या पाठीवरून कळत होतं.

प्राचार्य मात्र हसले नाहीत. "सांग पाहू काय पाठ केलं."

मुलीने आढ्याकडे पाहिलं आणि सुरुवात केली. चाचणीतला उतारा मीच लिहिला होता. एका परिचारिकेची रात्रपाळी, एक म्हातारा रुग्ण, त्याला पाणी द्यायचं की नाही याची विचारणा. मुलीने तो पहिल्या वाक्यापासून शेवटच्यापर्यंत म्हटला, स्वल्पविरामाला थांबत, आणि मग खालचे पाचही प्रश्न क्रमाने सांगितले. महिना उलटून गेला होता. उच्चार तिचे होते, त्यांत गोंडीचा हेल होता, पण शब्द एकही चुकला नाही. मी कागद समोर धरून पडताळत होते.

"आणि उत्तरं?" प्राचार्यांनी विचारलं.

"उत्तरं घरी जाऊन चौघी मिळून काढू असं ठरलं होतं."

प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, याचे मार्क तुमच्या कोणत्या रकान्यात बसतात?"

कोणत्याच नाही, असं मी म्हटलं. जे घडलं होतं ते सरळ सांगायचं तर पेपर फोडण्याचा प्रयत्न होता, आणि त्यासाठी चौघींनाही शिक्षा करता आली असती. तेही मी म्हटलं. ते माझं कामच होतं. बोलकीचा चेहरा पहिल्यांदाच उतरला. दुसरी तशीच उभी होती.

प्राचार्य खुर्चीत मागे रेलले. आता ते माझ्याशीही गावच्या भाषेत बोलू लागले, म्हणून मला कळलं की ते काहीतरी ठरवताहेत.

"मॅडम, आमच्याकडे रोवण्याचे दिवस आले का माणसं एकमेकांच्या धानाच्या बांधीत जाते. आज माह्या बांधीत सगळे, उद्या त्याच्या. मी ज्या दिवशी दुसऱ्याच्या बांधीत रोवतो, त्या दिवशी माही हाजरी त्याच्याकडं लागते. माह्या बांधीत मी गैरहजर. कोणी असं म्हणते का, का तू चिखलात उभा होता ना, मंग तुही बांधी काऊन नाई रोवली गेली?"

"नाही म्हणत," मी म्हटलं.

"ही पोरगी त्या दिवशी या तिघींच्या बांधीत उभी होती. तिच्या स्वतःच्या पेपरात ती गैरहजर होती. मी तिले गैरहजर धरतो. फेरचाचणी चौघींची. पेपर नवा, आणि प्रश्नाचा प्रकार बी नवा, म्हणजे पाठ केलेलं कामाचं नाई. हेच तुमची शिक्षा. कबूल?"

मला ते पटलं का, हे मी आजही निश्चित सांगू शकत नाही. हजेरीपटावर तिची सही होती. रोवणीची तुलना मला आवडली, पण आवडणं आणि पटणं निराळं. मी एवढंच म्हटलं की हा निर्णय लेखी असावा आणि खाली त्यांची सही असावी. त्यांनी तिथेच लिहून सही केली. सहीची शाई वाळायच्या आत बोलकी म्हणाली, "पण सर, आता तेंदूपत्ता लागला आहे." विडीच्या पानांची तोडणी सुरू झाली होती.

"तर?"

"तर त्या दिवशी पान कोण तोडन?"

"तुह्या जागी मी जातो तोडाले," प्राचार्य म्हणाले. "बस चुकन तुमची. निघा."

फेरचाचणी दोन दिवसांनी झाली. मी पेपर नवा काढला. त्यात उतारा नव्हता, पत्रही नव्हतं. मी रुग्णांची दहा वाक्यं मराठीत लिहिली, इथली माणसं दवाखान्यात जशी बोलतात तशी. पोट मुरडून येते, रात्री डोळा लागत नाही, पायात मुंग्या चढतात. ती डॉक्टरला इंग्रजीत सांगायची. मग डॉक्टरची पाच इंग्रजी वाक्यं, ती म्हाताऱ्या रुग्णाला समजतील अशी मराठीत सांगायची. चौघीही आल्या. हातांची बोटं पानांच्या चिकाने काळपट झालेली होती. प्राचार्य अर्थातच पान तोडायला गेले नव्हते. ते दारात खुर्ची टाकून बसले होते.

गुण मी त्याच दिवशी दिले, आणि तरुण शिक्षकाने माझ्यासमोर शीटमध्ये भरले. या वेळी आकडे जुळले. चौथ्या मुलीला सत्तावीस. सरासरी तिसाला थोडी कमी, वर ओढून एकूण बहात्तर. 'अ'. बोलकीला बावीस. सरासरी सव्वीस, एकूण अडुसष्ट. 'ब'. उरलेल्या दोघी आधीही 'ब' होत्या, नंतरही 'ब'.

तो शिक्षक कळफलकावर हात ठेवून बसून राहिला. "मॅडमजी, शीट तशीच ठेवली असती तर हिचा 'अ' राहिला असता."

"हो."

"आणि तिचा गेला असता."

"हो."

"तिसरा रस्ता नव्हता?"

त्याने सुचवलेला होता. तीनपैकी चांगल्या दोन धरल्या असत्या तर दोघींनाही 'अ' मिळाला असता. मी त्याला ते सांगितलं नाही. त्याला ते माहीतच होतं, आणि म्हणूनच तो विचारत होता. आम्ही शीट छापायला टाकली.

श्रेणी फळ्यावर लावली त्या दिवशी बोलकी माझ्याकडे आली. मला वाटलं ती रडेल किंवा भांडेल. तिने दोन्ही केलं नाही. शीटने आधी काय दिलं होतं ते तिला कुठूनतरी कळलं होतं.

"मॅडम, एक विचारू?"

"विचार."

"मी त्या दिवशी घरीच होती. मोह येचत होती. पेपर मी पाहिला बी नाई. तरी माहे मार्क कमी झाले. अन जिने पेपर पाठ केला तिचे वाढले. हे कोणत्या हिशेबाने?"

मी तिला हिशेब कागदावर करून दाखवला. सत्तावीस, एकोणतीस, बावीस, भागिले तीन. तिने प्रत्येक पायरी पाहिली आणि मान हलवली. हिशेब तिला कळला होता. तिचा प्रश्न हिशेबाचा नव्हता, हेही मला कळलं होतं. मी कागद तिच्याकडे सरकवला.

"दोन गुण कमी पडले," ती म्हणाली. मग दाराशी गेल्यावर वळून म्हणाली, "तिचा पाठ फुकट गेला, आमचं येचणं फुकट गेलं. प्राचार्य सरच फायद्यात. त्याइले पान नाई तोडा लागलं."

ती मुलाखतीला चंद्रपूरला गेली. तिथे नेमकं काय झालं ते मला माहीत नाही. ती परत आली तेव्हा विचारल्यावर एवढंच म्हणाली, की त्यांनी पंखा लावला होता आणि तिला त्यांचं बोलणं ऐकू येत नव्हतं. तिला घेतलं नाही. पुढच्या वर्षी पुन्हा बस म्हणून मी दोनदा निरोप पाठवला. तिचं लग्न ठरलं. आता ती बसथांब्याजवळ एका बचत गटाच्या दुकानात असते, मोहाचे लाडू आणि मध विकते. मी गेले की बोलते, लाडू एक जास्तीचा टाकते. त्या वर्षाचा विषय ती काढत नाही आणि मीही काढत नाही.

चौथी मुलगी नर्सिंग शिकली. आता चंद्रपूरच्या एका रुग्णालयात रात्रपाळी करते. मला फोन करत नाही, करायचं काही कारणही नाही. एकदा बाजारात तिची आई भेटली. तिने मला नमस्कार केला आणि मग त्या दुसऱ्या मुलीच्या आईजवळ जाऊन उभी राहिली. दोघींनी मिळून भाजी घेतली. त्यावरून मी काही अर्थ काढत नाही, फक्त पाहिलं ते सांगते.

मोठे, तू मला विचारलं होतंस की तुझ्या शिक्षिकेने अन्याय केला का. मला माहीत नाही. तिने वर्षाच्या सुरुवातीला काय लिहिलं होतं ते आधी बघ. मग तुझे आकडे घेऊन हाताने एकदा करून बघ. तुझा आणि तिचा आकडा जुळला नाही तर तिला जाऊन विचार, ती ऐकून घेईल. जुळला आणि तरीही काही खटकत राहिलं, तर ते बहुधा आकड्यात नसेल. ते तुला कोणी भागाकार करून दाखवणार नाही.

त्या वर्षानंतर जूनमध्ये आम्ही तिघे पुन्हा बसलो. तरुण शिक्षकाने शीटमध्ये गैरहजर मुलीच्या चौकटीला लाल रंग येईल आणि ती चौकट भरल्याशिवाय सरासरीच निघणार नाही असं केलं. प्रश्नपत्रिका मुलींकडे ठेवू द्यायच्या, असं मी ठरवलं. कागद थोडा जास्त लागला. प्राचार्यांनी कॅलेंडर घेतलं आणि मोह लागल्यापासून तेंदू संपेपर्यंतच्या दिवसांवर काट मारली. मग तिन्ही चाचण्या आणि शेवटची परीक्षा मार्चच्या मध्याआधी बसवाव्या लागल्या, आणि त्या एकामागोमाग एक येऊ लागल्या. मुलींनी त्याबद्दलही कुरकुर केली.

मी आता शिकवत नाही. प्राचार्य निवृत्त होऊन धानाकडे परत गेले. तरुण शिक्षकाची बदली वरोऱ्याकडे झाली, आणि लाल चौकट नव्या संगणकात गेली की नाही मला ठाऊक नाही. अभ्यासक्रम चालू आहे. त्या जंगलातल्या गावातून या वर्षी सहा मुली येतात. मोहाच्या दिवसांत तिथे चाचणी घेत नाहीत.